हत्तीला चिंच लावू नका!

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत तांब्याची जुनी नाणी चिंच-मीठ लावून चकचकीत करायची टीप वाचली आणि खरं सांगतो, हातातला चहा तसाच गार झाला. घरातला तांब्या घासा की खुशाल, पण पैठण, नेवासे, तेरच्या शेतात पाऊस पडून गेल्यावर जे सातवाहन राजांचं, हत्तीचं चित्र असलेलं नाणं वर येतं त्याला हात नका लावू.

माझ्या एका मित्रानं असंच एक घासलेलं नाणं मोठ्या कौतुकानं दाखवलं. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार गोल, ते कसंबसं दिसत होतं, पण पुढच्या हत्तीची वर केलेली सोंड गेलेली, आणि कडेची ब्राह्मी अक्षरं तर पार सपाट. त्याला वाटलं घाण काढली! अहो, इतकी वर्षं मातीत राहून तांबं झिजतं आणि बारीक नक्षी बऱ्याचदा त्या हिरव्या थरातच टिकून असते, आंबटानं थर गेला की नक्षीपण गेली.

आणि अक्षरं का महत्त्वाची, तर साचा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे एका नाण्यावर राजाचं पूर्ण नाव क्वचितच उमटतं, एकावर 'रञो सिरि' (राजा श्री) दिसतं तर दुसऱ्यावर 'सातकणिस' (सातकर्णीचं), असे तुकडे जुळवून नाव वाचावं लागतं. 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला पोटीनच्या, म्हणजे तांबं-शिसं-कथलाच्या मिश्रणाच्या नाण्यांचा साठा मिळाला, त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेली नावं निघाली. तेव्हा कुणी ती चिंचेच्या कोळात बुडवली असती तर?

दुसरं म्हणजे नाणं कुठे सापडलं ते लिहून ठेवा. सोन्याचं नाणं लांबवर जातं, तांब्याचं सहसा आपल्या मुलखातच फिरतं. आणि जागेजागेची चित्रं वेगळी: उत्तरेतल्या जुन्या कौशांबी नगरीचा बैल, अयोध्येचा कोंबडा आणि ताडाचं झाड, मध्य प्रदेशातल्या एरणच्या नाण्यावर तर नदी आणि तिच्यात मासे (मला विचाराल तर सगळ्यात गोड तेच). गावाचं नाव हरवलं की अर्धी माहिती गेलीच. शिवाय 1878 च्या कायद्यानं जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव कलेक्टरला कळवावी लागते, हे त्या टिपेत कुठेच नव्हतं.

तेव्हा टीप मागे घेतल्याची दोन ओळींची चौकट छापा, शक्यतो त्याच पानावर.

तुमचा एक जुना वाचक