रिकामा तलाव किती पावसाळे काढणार?

‘जलतरण तलावाच्या पुनर्बांधणीला पुन्हा मुदतवाढ’ ही बातमी वाचून वाईट वाटले. गळती काढण्यासाठी आमच्या वस्तीचा हा तलाव रिकामा केला, तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. आता ती सहावीत गेली, तरी पोहायला शिकलेली नाही.

मुदतवाढ म्हणजे फक्त उशीर नव्हे. नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भरलेल्या टाकीला आतल्या पाण्याचा आधार असतो. रिकाम्या टाकीवर मात्र पावसाळ्यात भूजलाचा दाब खालून येतो, तळ उचलला जाऊ शकतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या फरशा सुटतात. म्हणजे प्रत्येक मुदतवाढीनंतर दुरुस्तीचे काम वाढतच जाणार.

प्रेक्षकांची गॅलरी आणि प्रवेशद्वाराची सजावट मागाहून करता येईल. आधी टाकी आणि पाणी गाळण्याची यंत्रणा पूर्ण करावी, गळतीची चाचणी घेऊन पाणी भरावे आणि कामाची तारीख फाटकावर लिहावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले अनोळखी तलाव-खदानींकडे वळतात, तेव्हा आम्हा पालकांचा जीव टांगणीला लागतो.

– एक पालक, नागपूर