शंभर टक्के रंग, पण कशाचे?

महोदय,

दसऱ्याच्या तोंडावर राजारामपुरीत नवा टीव्ही घ्यायला गेल्यावर ‘१०० टक्के रंग’ वाचलं, तर कशाचे ते विचारा. एसआरजीबीचे (साध्या पडद्यांच्या नेहमीच्या रंगमापाचे) शंभर म्हणजे १९३१ च्या सीआयई आलेखाचा, डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशाचा, जेमतेम ३६ टक्के भाग. रेक २०२० हे टीव्हीचं त्याहून मोठं रंगमाप पूर्ण भरलं तरी ७६ टक्क्यांच्या आसपास. पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन दिव्यांच्या त्रिकोणाने घोड्याच्या नालेसारखी ती आलेखाची आकृती भरतच नाही. कारण डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींच्या संवेदना एकमेकींवर चढतात. फक्त हिरव्या शंकूलाच चेतवेल असा प्रकाश नाही.

खरा घोळ फोटोत. जोतिबाच्या गुलालाचा पी३ (एसआरजीबीहून मोठ्या रंगमापातला) फोटो प्रोफाइलविना, म्हणजे आकडे कुठल्या रंगमापाचे हे सांगणाऱ्या चिठ्ठीविना, पाठवला की फिका पडतो. उलट प्रोफाइलविना साधा एसआरजीबी फोटो जास्त रंग दाखवणाऱ्या पडद्यावर भडकतो, चेहरे उकडलेल्या खेकड्यासारखे! अल्बमवाल्यांनी छपाईआधी ‘कन्व्हर्ट’ करावं (रंग जपून आकडे नव्या प्रोफाइलमध्ये बदलणं), ‘असाइन’ (नुसती चिठ्ठी बदलणं) नव्हे. असाइनने आकडे तेच राहतात, रंग बदलतो.

— एक वाचक, कोल्हापूर