भिंतीवरची घोरपड

पुणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही याची लाज वाटतेच. पण आज लिहायला बसलो आहे तो आजच्या खेळात जे घडले ते तुझ्याखेरीज कोणालाच कळणार नाही म्हणून. गुडघा ठीक आहे.

भाच्याला आपल्या रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे फासे टाकून काल्पनिक पात्रे खेळवण्याच्या खेळात घेतले, तेव्हा त्याला नेहमीच्या वंशांतला ना एल्फ व्हायचे होते ना ड्वार्फ; त्याला घोरपड व्हायचे होते. मी हौसेने घोरपडवंश रचला. भिंतीवर चढण्याचा वेग फेरीला 30 फूट, आणि शत्रूला पकडताना वीस बाजूंचे दोन फासे टाकून त्यांतला मोठा घेण्याची सवलत. तक्ता मांडल्याशिवाय मी चहासुद्धा टाकत नाही हे तू जाणतोसच. आम्ही अजून 2014 च्या नियमांनी खेळतो. त्यांत तुल्यबळ शत्रूला पकडण्याची शक्यता 47.5 टक्के असते, ती या सवलतीने 64 पर्यंत जाते. ड्वार्फाचे विषापासूनचे संरक्षण, बुटक्या हाफलिंगला एक पडल्यावर पुन्हा मिळणारा फासा, माणसाला हवी तर मिळणारी अख्खी फीट (म्हणजे जादा खास कौशल्य), या सर्वांपुढे माझी घोरपड गरीबच दिसत होती.

पकडलेल्याला ओढताना वेग निम्मा होतो, म्हणजे 15 फूट, आणि तेवढे त्याला पुरते. गेले सहा रविवार हा मुलगा प्रत्येक म्होरक्याला कवेत घेऊन भिंतीवर जातो आणि तिथेच लटकून राहतो; खाली आमच्यातल्या नंदिनीच्या पात्राची तलवार पाच फुटांपलीकडे पोहोचत नाही. वरून सोडले तरी इजा सहा बाजूंच्या एका फाशाएवढीच, म्हणून माझ्या तक्त्याला त्यात काही वावगे दिसले नव्हते. आज तिसऱ्या फेरीला नंदिनी म्हणाली, "माझी पाळी आली की मला उठवा," आणि खरोखरच डोळे मिटून बसली.

मला तुझा आराकोक्रा, तो पक्षीमानव, आठवला. पहिल्याच पातळीवर 50 फूट उडणारा धनुर्धर मी साफ नाकारला होता, आणि तू भर कँटीनमध्ये म्हणाला होतास की माझे पंख कापण्यापेक्षा तुझ्या गुहेला छत घाल. त्यावरून आपण दोन आठवडे बोललो नाही (आणि वड्याचे पैसे तू अजून दिलेले नाहीस). आज कळते की तुझ्या पक्ष्याने फक्त माझी, खेळ चालवणाऱ्याची, अडचण केली असती. या घोरपडीने मात्र सवंगड्यांच्याच हातातला शत्रू पळवला, आणि मी तिला गरीब समजून मोकळी सोडली.

आता तीन महिने जीव लावून खेळवलेल्या पात्राची शेपूट मधेच कशी छाटावी? खेळातल्या दिवसातून तीनदाच अशी मर्यादा घालता येईल, पण तीन मोठ्या लढाया एका दिवसात आम्ही कधी करतो? त्यापेक्षा चढताना चारही पाय भिंतीला लागतात, म्हणून कवेत कोणी असताना चढता येणार नाही, असा नियम मला सुचला. तो ऐकून भाचा तत्काळ म्हणाला, "मामा, मग मी शेपटीने धरीन."

नव्या घराचे कळले, फार आनंद झाला. वास्तुशांतीला येऊ शकलो नाही, रागावू नकोस. वहिनी प्राणिशास्त्र शिकवतात, तर घोरपडीला शेपटीने वस्तू धरता येते का, एवढे त्यांना विचारून शनिवारच्या आत कळव.

तुझा,
मन्या