आधी चित्रपट, मग कादंबरी

महोदय,

गेल्या काही महिन्यांत मी वाचले थोडे आणि पाहिले पुष्कळ, ही कबुली आधीच दिलेली बरी. पाहिलेल्यांपैकी बरेचसे चित्रपट आठवडाभरात विसरलोही. मनात राहिला तो सत्यजित राय यांचा १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’, आणि त्याच्यामुळेच विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची १९२९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली मूळ बंगाली कादंबरी (अर्थात अनुवादातून) हाती घेतली.

चित्रपटात अपू आणि त्याची थोरली बहीण दुर्गा काशगवतातून धावत जाऊन आगगाडी पाहतात. ते दृश्य डोळ्यांसमोर असल्यामुळे, कादंबरीतल्या दुर्गेला आगगाडी कधीच पाहायला मिळत नाही, हे वाचताना मी अक्षरशः थबकलो. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या नातलग इंदिर ठाकरुणचा मृत्यूही कादंबरीत फार लवकर येतो. राय यांनी तिला बरेच पुढपर्यंत जगवले आहे, आणि खरे सांगायचे तर तो बदल मला अधिक भावला. दुर्गेच्या मृत्यूची वार्ता घरी परतलेल्या तिच्या वडिलांना, हरिहरला, कळते, तेव्हा आईचा आक्रोश ऐकू न येता त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचे आर्त सूर येतात. ही सोय लेखकाकडे नव्हती. उलट अपूच्या मनातली रानावनाची स्वप्ने, जी पानोपानी पसरली आहेत, ती पडद्यावर पुरती आलेली नाहीत.

दोन्हींची तुलना करून निकाल देण्याची सवय मला होती. या वेळी तो देता आला नाही, आणि चित्रपट पुन्हा पाहायला बसलो.

आपला,
एक वाचक