गॅस गिझर बाथरूमबाहेरच हवा

महोदय,
थंडी सुरू झाली की सोलापुरात गॅस गिझर बसवण्याची लगबग वाढते. जुळे सोलापुरातील काही फ्लॅटांमध्ये तो थेट बाथरूममध्ये टांगलेला आणि गारवा येऊ नये म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांना पुठ्ठा लावलेला पाहून काळजी वाटते. धुराडे नसलेला गिझर खोलीतलाच प्राणवायू वापरतो आणि ज्वलनातून निघणारे वायू खोलीतच सोडतो. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग असतो ना वास, आणि तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सिलिंडर गळला तर वास येतो, या भरवशावर आपण गाफील राहतो. इथे मात्र डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे एवढीच खूण मिळते आणि तोवर दाराची कडी काढण्याचेही त्राण उरलेले नसते.

म्हणून गिझर मोकळ्या बाल्कनीत बसवून गरम पाणी पाइपने आत आणावे. एक्झॉस्ट पंखा हा त्याला पर्याय नव्हे, कारण वीज गेली की तो थांबतो, सेलवर पेटणारा गिझर मात्र चालूच राहतो. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागल्यास वापर बंद करून जाणकाराकडून बर्नर तपासून घ्यावा. बांधकाम व्यावसायिकांनी नळजोडणी करतानाच गिझरची जागा बाहेर ठेवावी आणि महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र देताना ती पाहावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सोलापूर