बियाण्याला दोष देण्याआधी माती उकरून पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मृग लागला की गावोगावी परसबागेसाठी बियाण्याची पाकिटे घरी येतात, आणि आर्द्रा सरता सरता ठरलेला निकाल कानावर पडतो: "बी बोगस निघालं." विदर्भाने बोगस बियाण्याचे चटके कापूस-सोयाबीनमध्ये पुरेसे सोसले आहेत, त्यामुळे हा संशय उगाच आलेला नाही. पण वांगी, टमाटर, मिरची यांची घरी टाकलेली रोपे मरतात तेव्हा कारण बहुतेक वेळा वाफ्यातच सापडते. ते न शोधता पाकिटावर खापर फोडले, की पुढच्या वर्षी पाकीट नवे आणि चूक तीच. कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, एक काडी पुरते.

टमाटर साधारण ५ ते ८ दिवसांत उगवते, वांगी ७ ते १० आणि मिरची ८ ते १४ दिवसांत. एवढे दिवस उलटून वर आणखी तीन-चार दिवस गेले, तरी वाफा रिकामाच असेल तर ओळीतली माती काडीने हलकेच उकरावी आणि बी हुडकावे. बी कोरडे, कडक, टाकले तसेच मिळाले तर ओल तिथवर पोचलीच नाही. वरवर शिंपलेले पाणी उन्हाने उडून गेले. कोंब फुटून मातीखालीच वेटोळा होऊन बसला असेल तर वर खपली धरली आहे, कोंबाला ती फोडता आली नाही. बी मुळी सापडतच नसेल तर ते मुंग्यांनी नेले. बी फुगून मऊ झाले असेल, दाबल्यावर पिठूळ निघत असेल आणि कुबट वास येत असेल, तर पाणी जास्त झाले किंवा बी फार खोल गेले. या शेवटच्या प्रकारात मात्र बी मुळातच मेलेले असण्याचीही शक्यता राहते, म्हणून पेरण्याआधीची उगवण चाचणी चुकवू नये.

चाचणी अशी: पाकिटातले २० बी मोजून ओल्या सुती फडक्यावर ओळीने मांडावे, फडक्याची गुंडाळी करून झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावी, फडके ओलसर राहील इतकेच पाणी रोज शिंपडावे. वर सांगितलेल्या दिवसांनंतर कोंब मोजावेत. प्रमाणित बियाण्यासाठी टमाटर आणि वांग्याची किमान उगवण ७० टक्के, तर मिरचीची ६० टक्के धरली आहे. म्हणजे २० पैकी टमाटरचे १४ आणि मिरचीचे १२ कोंब निघाले तर बी चांगले. पाकिटावरची तपासणीची तारीखही वाचावी. लेबलाची मुदत तपासणीपासून ९ महिन्यांची असते. चाचणीत निम्मेही कोंब निघाले नाहीत, तर पावती, रिकामे पाकीट आणि उरलेले बी जपून ठेवून तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार करावी. वाफ्यात मेलेल्या रोपांवरून केलेल्या तक्रारीपेक्षा अशा तक्रारीला वजन असते.

आता मातीचे. आपली काळी माती कपाशीला, तुरीला सोन्यासारखी असली तरी रोपांच्या पेल्यात किंवा ट्रेमध्ये ती एकटी चालत नाही. ओली झाली की चिकट होऊन हवा कोंडते, वाळली की आकसते, भेगा पडतात आणि कोवळी मुळे तुटतात. एक घमेले नाल्याची किंवा तळ्यातली गाळाची माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले रेती, हे तिन्ही चाळून एकत्र केलेले मिश्रण घरच्या कामाला उत्तम. रेती बांधकामाचीच, पण धुतलेली. मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला तर बरोबर. तो टणकच राहिला तर रेती वाढवावी.

शेणखत कुजले की नाही हे नाकाने आणि हाताने कळते: शेणाचा वास गेलेला, हाताला थंड, रंग चहाच्या भुकटीसारखा. अर्धवट कुजलेल्या खतात उष्णता निघते आणि त्यातूनच हुमणीच्या अळ्या व उधई वाफ्यात येतात. चुलीची राख मुठीने मिसळण्याची सवयही सोडावी. विदर्भाच्या बहुतांश काळ्या जमिनी आधीच विम्लतेकडे (अल्कधर्मी गुणाकडे) झुकलेल्या आहेत. राखेने ती आणखी वाढते, रोपांना लोह मिळत नाही आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मग युरिया टाकला जातो. त्याने पिवळेपणा जात नाही, रोप मात्र लुसलुशीत होऊन रोगाला बळी पडते.

वाफा करायचा तर गादीवाफाच करावा: ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच. सपाट वाफ्यात जुलैच्या एका झडीत पाणी तुंबते. ओळी एकमेकींपासून ८ ते १० सेंटिमीटरवर. बी मात्र उथळच जायला हवे. टमाटर-वांग्याला अर्धा ते एक सेंटिमीटर पुष्कळ झाले. वरून ढेकळाची माती न टाकता चाळलेले शेणखत पसरावे, म्हणजे खपली धरत नाही.

वेळेचा घोळ मिरचीत सर्वांत जास्त होतो. खरिपाची मिरची जुलैत लावायची म्हणून मेच्या शेवटी रोप टाकावे लागते, आणि तेव्हा आपल्याकडे पारा ४५ अंशांना भिडलेला असतो. मिरची, वांगी, टमाटर यांचे बी २५ ते ३० अंशांत उत्तम उगवते; ३५ च्या पुढे उगवण घसरते. उघड्या वाफ्याची वरची माती तर हवेपेक्षाही तापते. त्यामुळे हे वाफे कडुनिंबाच्या विरळ सावलीत किंवा पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) मांडवाखाली घ्यावेत. पेरल्यावर ओले गोणपाट झाकावे आणि पहिला कोंब दिसेल त्या संध्याकाळीच काढावे. गोणपाट एक दिवस जास्त राहिले तर रोपे पांढरी, लांबट होतात आणि ती पुन्हा सावरत नाहीत. हिवाळी फूलकोबी-पत्ताकोबीला हा त्रास नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमधले हवामान त्यांना मानवते.

ज्या उन्हाला आपण शिव्या देतो तेच ऊन एप्रिल-मे महिन्यांत फुकटात माती निर्जंतुक करून देते. वाफा तयार करून भरपूर भिजवावा, त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरावा, कडा मातीने पक्क्या बुजवाव्यात आणि ४ ते ६ आठवडे तसाच राहू द्यावा. कागद पारदर्शकच हवा. काळा कागद स्वतः तापतो, माती तितकी तापू देत नाही. कागद काढल्यावर वाफा खोल खणू नये, नाहीतर खालची न तापलेली माती रोगासह वर येते.

ही मेहनत ज्यासाठी करायची ती रोपांची मर. घरगुती रोपांचा सर्वांत मोठा शत्रू हाच, आणि "बी बोगस" हा निकाल सर्वाधिक वेळा यालाच लागतो. रोप उगवते, पहिली दोन पाने उघडतात, मग जमिनीलगतची मान पाणचट होते, दोऱ्यासारखी बारीक पडते आणि पाने हिरवी असतानाच रोप आडवे होते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या जमिनीतल्या बुरश्या हे करतात. मर ठिपक्यासारखी एका जागी सुरू होते आणि गोलाकार पसरते. पाण्याअभावी सुकलेले रोप पाणी दिल्यावर उभे राहते, मरीचे राहत नाही. एवढा फरक ओळखता आला पाहिजे, कारण न ओळखता पाणी वाढवले तर उरलेला वाफाही जातो.

मर येण्यामागे तीन गोष्टी एकत्र असतात: दाट पेरणी, संध्याकाळचे पाणी आणि कोंदट हवा. म्हणून बी विरळ टाकावे, उगवल्यावर दोन रोपांत २ ते ३ सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. जादा रोपे उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. पाणी सकाळी, झारीने. पाइपच्या धारेने कधीच नको. पेरण्याआधी बियाण्याला किलोमागे ४ ते ५ ग्रॅम या हिशेबाने ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) चोळावा. १० ग्रॅमच्या पाकिटाला चिमूटभर पुरतो. बी किंचित ओलसर करून चोळावे आणि सावलीत सुकवावे. पाकिटातले बी लाल किंवा हिरव्या रंगाचे असेल तर त्याला आधीच औषध लावलेले आहे, त्यावर पुन्हा काही लावू नये. ते उघड्या हाताने हाताळू नये आणि उरलेले कोंबड्यांपुढे टाकू नये. बियाण्याला चोळण्यापेक्षा ट्रायकोडर्मा खतात मुरवणे जास्त कामाचे: १० किलो शेणखतात १०० ग्रॅम मिसळून, ओलसर ठेवून, गोणपाटाखाली सावलीत १५ दिवस, मध्ये एकदा खालीवर करून. मर दिसलीच तर आडवी रोपे आजूबाजूच्या मातीसकट उचलून दूर टाकावीत, एक दिवस पाणी तोडावे आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम मिसळून ओळींच्या मुळाशी ओतावे. तांबेयुक्त औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नये. बुरशी मारणारे औषध उपकारक बुरशीलाही सोडत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत, एवढे सारे नीट करूनही रोपे खुरटतात. तिथले बोअरचे पाणी खारे. मोठे झाड ते थोडेफार सोसते, दोन पानांचे रोप सोसत नाही. पेल्याच्या कडेला पांढरा थर, पानांच्या कडा करपलेल्या आणि वाढ थांबलेली, ही त्याची खूण. रोपांना पाणी लागते तरी किती? एका ट्रेला दिवसाकाठी एक-दोन लिटर. छताचे पावसाचे पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये साठवले तर तीन ट्रेंचा पूर्ण महिना निघतो. पहिल्या पावसाचे, धूळ-कचरा घेऊन येणारे पाणी सोडून द्यावे. गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी बचत म्हणून रोपांना घालतात, ते तर मुळीच नको: पाण्यातले सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

मिरचीवरचा चुरडा-मुरडा आणि टमाटरची पाने गोळा होण्याचा रोग शेतात दिसतो, पण लागण पुष्कळदा रोपवाटिकेतच होते. पांढरी माशी आणि फुलकिडे दोन पानांच्या रोपावरही बसतात. त्यासाठी बी टाकल्या दिवसापासून ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी भोके असलेली) नायलॉन जाळी वाफ्यावर कमानीवरून ताणावी, तिच्या कडा मातीत दाबाव्यात. हिरवी शेडनेट ऊन अडवते, माशी अडवत नाही. दोन्हींची गल्लत होते. मुंग्यांचा त्रास असेल तर ट्रे पाटावर ठेवून पाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

ट्रे विकतचाच हवा असे नाही. दुधाच्या पिशव्या, कागदी चहाचे कप, करवंट्या चालतात, तळाला पेन्सिलच्या जाडीची तीन-चार भोके पाडली की झाले. कीटकनाशकाचे डबे आणि बाटल्या मात्र कितीही धुतल्या तरी वापरू नयेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्या विषाचे डबे भाजीच्या रोपाजवळ आणि लेकरांच्या हाताजवळ नकोत. तणनाशकाचा पंपही रोपांवर फिरवू नये. टू-फोर-डीचा उरलेला अंश टमाटरची पाने दोरीसारखी वळवतो आणि ते रोगासारखे दिसते.

लांबट रोपांचे कारण जवळपास नेहमीच एक: ओसरीत ठेवलेली असतात. उगवल्यापासून सकाळचे कोवळे ऊन मिळालेच पाहिजे, आणि आठवडाभरानंतर दिवसाचे ५-६ तास. लावणीच्या आधी ४-५ दिवस पाणी कमी करावे, सावली काढावी. टमाटर २५ ते ३० दिवसांचे, वांगी ३० ते ३५, मिरची ३५ ते ४५ आणि कांदा ४५ ते ५० दिवसांचा झाला की लावायला योग्य. वाफा आधी दोन तास भिजवून रोपे काढावीत, लावणी संध्याकाळी करावी. काकडी, दोडका, कारले, लवकी (दुधी) यांची रोपे करायची तर पिशवीतच, कारण मुळे उघडी पडलेली त्यांना सोसत नाहीत. भेंडी, गवार, सांभार (कोथिंबीर), पालक, मुळा जागेवरच टाकावे.

आणखी एक नुकसान आपण मोजतच नाही. टमाटरच्या एका ग्रॅममध्ये ३०० च्या आसपास बी असते. पाच माणसांच्या घराला टमाटरची १२, वांग्याची ८ आणि मिरचीची १० झाडे पुरतात. तरी १० ग्रॅमचे पूर्ण पाकीट एकाच दिवशी एकाच वाफ्यात ओतले जाते. रोपे एकमेकांना दाबतात, मर येते, आणि ती आली की सगळेच संपते. गरजेच्या दुप्पट बी तीन हप्त्यांत, १५-१५ दिवसांनी टाकले तर एखादा हप्ता गेला तरी दुसरा हाती राहतो. काय चुकले ते पाहून दुरुस्तीही त्याच हंगामात करता येते. त्यासाठी प्रत्येक हप्त्याची तारीख, वाण, माती आणि किती उगवले एवढे कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवावे. उरलेले बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, भाजून थंड केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवावे. कांद्याचे बी मात्र वर्षावर ठेवू नये, त्याची उगवण लवकर जाते.

परसबागेची पाकिटे वाटणाऱ्या सर्वांना आमची विनंती आहे की, जूनमध्ये पाकीट हाती देण्याऐवजी ते एप्रिलमध्ये द्यावे, म्हणजे उगवण चाचणीला आणि वाफा तापवायला वेळ मिळेल. पाकिटासोबत १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि वाफ्यापुरती नायलॉन जाळी दिली तर बियाण्यावरचा खर्चही वाया जाणार नाही. आपल्या दैनिकानेही रोहिणी लागण्याच्या आधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, रोपे टाकण्याच्या तारखा आणि मरीची लक्षणे छायाचित्रांसह छापावीत. कृषी विज्ञान केंद्राच्या भाजीपाला तज्ज्ञांकडून ती तपासून घेतली तर उत्तमच. ते कात्रण ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावण्याचे काम आम्ही आमच्या भागात करू.

आपले,
भाजीपाला रोपवाटिकेत काम करणारे काही जण,
ता. आर्वी, जि. वर्धा