हिमाच्छादन म्हणजे पाणीसाठा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिमालयातल्या बर्फवृष्टीच्या बातम्या ‘अमुक फूट बर्फ’ एवढ्यावर थांबतात आणि उपग्रहचित्रात पांढरा भाग वाढला की उन्हाळ्यातल्या पाण्याची ग्वाहीही देऊन मोकळ्या होतात. ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या एका फुटातून जेमतेम इंचभर पाणी निघते. हिवाळाभर दबून बसलेल्या बर्फातून चार इंचांच्या आसपास.

म्हणून बर्फ तोलावा लागतो. दातेरी तोंडाची नळी आधी रिकामी तोलायची, मग फिरवत थेट जमिनीपर्यंत घालायची. तळाशी मातीची गोळी आली तर समजायचे, तळ गाठला. ती खरवडून नळी पुन्हा तोलायची. नळीचे तोंड ५० चौरस सेंमी आणि आतला बर्फ ९०० ग्रॅम भरला, तर ९०० भागिले ५०, पाण्याची उंची १८ सेंमी, म्हणजे १८० मिमी. नळी उन्हात तापलेली असेल तर बर्फ आत चिकटतो, खालचा थर बाजूला ढकलला जातो आणि वजन कमी भरते. नळीतला बर्फाचा गाभा बाहेरच्या बर्फाच्या खोलीपेक्षा फारच आखूड दिसला की तो नमुना टाकून द्यावा. एका नमुन्यावर तर कधीच विसंबू नये, वारा बर्फ कुठेही नेऊन साठवतो.

हिमनदीवर बांबू किंवा धातूच्या काठ्या खोल रोवतात. काठी एक मीटर उघडी पडली, तर तिथल्या घट्ट बर्फातून सुमारे ९०० मिमी पाणी गेले.

उपग्रह बर्फाला ढगापासून वेगळे काढतो ते डोळ्यांना न दिसणाऱ्या लघु-अवरक्त प्रकाशात: तिथे बर्फ काळपट दिसतो, बहुतेक ढग उजळच राहतात. पण यातून कळते क्षेत्रफळ, तेही देवदाराखालचे बर्फ वगळून. सूक्ष्मलहरींवरून (मायक्रोवेव्ह) साठ्याचा अंदाज बांधता येतो, मात्र बर्फ ओला झाला की हा अंदाज कोलमडतो. नेमका वितळण्याच्या मोसमात!

३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या ‘निसार’ या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाचा एस-बँड (सूक्ष्मलहरींचा एक पट्टा) रडार आपल्या शेजारच्या अहमदाबादेत, इस्रोच्या केंद्रात घडला, याचे कौतुक आहेच. तो दर १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहतो, त्यामुळे हिमनदी किती सरकली हे उत्तम कळते. तिची जाडी मात्र तो थेट मोजत नाही. तसे छापू नये. आणि बर्फाच्या बातमीत फुटांशेजारी पाण्याचे मिलिमीटर, ठिकाण व मोजणीची तारीख द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा